पातळ पत्रा

मानेसरच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सायलेन्सर बनत. शेगड्यांची ऑर्डर आली ती अगदी अचानक. युक्रेनमधलं युद्ध लांबलं होतं, थंडी तोंडावर आली होती, आणि तिथली वीजकेंद्रं हल्ल्यांमध्ये एकामागून एक बंद पडत होती. तेव्हा तिथून बराच लांब, युरोपच्या एका टोकाला असलेल्या एका छोट्या देशानं ठरवलं, की आपण त्या लोकांना लाकडावर चालणाऱ्या लोखंडी शेगड्या पाठवू. देश एवढासा, की त्याची सगळी माणसं गुरुग्राममध्ये आणून ठेवली असती तरी काही सेक्टर रिकामे राहिले असते. सैन्य नावापुरतं. रणगाडे, क्षेपणास्त्रं द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं. पण थंडी म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. युरोपातले कारखाने उन्हाळ्यापर्यंत बुक झाले होते, म्हणून त्या देशानं दिल्लीतल्या आपल्या वकिलातीला विचारलं. वकिलातीतली आग्नेस नावाची अधिकारी फोन करत करत, चौकशा करत करत मानेसरपर्यंत पोचली.

विश्वजित शेडगे त्या कारखान्याचा क्वालिटी हेड होता. मूळचा साताऱ्याकडचा, पण वडील फौजेत हवालदार असल्यामुळे त्याचं लहानपण छावण्यांमध्ये गेलं होतं. बापाची शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटोन्मेंटला झाली, मुलगा तिथल्याच शाळेतून बारावी झाला, कराडला जाऊन इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी पुन्हा इकडेच परतला. आता गुरुग्रामच्या एका सोसायटीत तो, बायको सुनयना, मुलगी वैभवी आणि वडील असे चौघं राहत. वडिलांना सगळे आबा म्हणत. त्यांचं नाव मल्हारी, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आग्नेस पहिल्यांदा कारखान्यात आली तेव्हा तिच्याबरोबर ना शिपाई होता ना सेक्रेटरी. पन्नाशीची उंच बाई, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून तिनं स्वतः काढलेली शेगडीची आकृती बाहेर काढली.

"आमच्या आजीच्या घरी अशी होती," ती म्हणाली. तिचं इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट होतं. "आग सगळ्यात जास्त मागच्या पत्र्यावर आदळते. तो जाड हवा. पातळ असला तर काही आठवड्यांत वाकतो, जोड उघडतो आणि धूर खोलीत येतो. बाकी काहीही थोडं इकडे तिकडे चालेल, मिस्टर शेडगे. मागचा पत्रा नाही."

विश्वजितला ती आवडली. काय हवंय ते नेमकं ठाऊक असलेलं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. चहा पिताना तिनं सांगितलं, की या शेगड्यांचे निम्मे पैसे सरकारनं दिलेत आणि निम्मे लोकांनी जमवलेत. गावोगावी बायकांनी केक करून विकले, कोळ्यांनी एका दिवसाची मासळी दिली, शाळेतल्या मुलांनी गाड्या धुतल्या. "आम्ही या युद्धात दुसरं काही करू शकत नाही," ती म्हणाली. "निदान कुणाची तरी खोली गरम करू."

घरी जेवताना त्यानं हे सांगितलं, तेव्हा वैभवीनं विचारलं, "शेगडी म्हणजे गॅसच ना, बाबा? ती तर बजाजच्या दुकानात मिळते."

आबा हसले. "गॅस नव्हे गं. बुखारी. मध्ये लोखंडी डबा, वरती धुराडं. द्रासला आम्ही बारा जण एका बुखारीभोवती झोपायचो. बाहेर उणे तीस. रात्री ती विझली की माणूस न बोलावता उठायचा." मग ते विश्वजितकडे वळले. "चांगली कर बाबा. ज्याच्या उशाशी ती असेल, तो तिच्यावर भरवसा ठेवून झोपणार."

विश्वजितनं चांगलीच केली. पहिल्या तीन लॉटमधली एकेक शेगडी त्यानं स्वतः पेटवून पाहिली. मागचा पत्रा व्हर्निअरनं मोजला, चार मिलिमीटर भरला तरच पुढे जाऊ दिला. लॉट ओळखू यावा म्हणून मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, लोखंडी पंच ठोकून ए, बी, सी अशी अक्षरं उमटवली. वेल्डिंगच्या कारागिरांना त्यानं सांगितलं होतं की या कुठं जाणार आहेत, आणि तीही माणसं मन लावून काम करत होती.

चौथ्या लॉटच्या वेळी जाड पत्रा संपला. गाझियाबादचा पुरवठादार आज देतो, उद्या देतो करत राहिला. तिकडे त्या छोट्या देशानं मालवाहू विमान ठरवून ठेवलं होतं. मालक साहनी खाली वर्कशॉपवर आले आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या चळतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ये पड़ा तो है. यही लगाओ."

तो सायलेन्सरचा पत्रा होता. विश्वजित म्हणाला, "सर, ये ढाई का है. पीछे की प्लेट चार की चाहिए."

"वहाँ लोग ठंड से मर रहे हैं, शेडगे, और तुम मिलीमीटर गिन रहे हो? हवाई जहाज़ बिना माल के जाएगा तो अच्छा लगेगा तुम्हें?" साहनींचा आवाज चढलेला नव्हता. समजुतीच्या सुरात बोलत होते ते. "एक सर्दी निकालनी है. निकाल जाएगी."

साहनींचं बोलणं विश्वजितला पटण्यासारखं वाटलं. शेगडीच नसण्यापेक्षा पातळ शेगडी बरी. एक हिवाळा तर काढायचाय. स्वतःला हे त्यानं दोन-तीनदा ऐकवलं, आणि चौथा लॉट त्या पत्र्यातून बनला. खाली कोपऱ्यात डी हे अक्षर उमटलं.

शेवटच्या तपासणीला आग्नेस आली. डी लॉटच्या शेगड्या रंग देऊन रांगेत मांडलेल्या होत्या. दिसायला सगळ्या सारख्या. तिनं एकीचं दार उघडलं, मिटलं, धुराड्याची कॉलर हलवून पाहिली. व्हर्निअर शेजारच्या टेबलावरच होता. तो उचलायचं तिच्या मनातही आलं नाही.

"या पहिल्यासारख्याच ना?" तिनं विचारलं.

"हो," विश्वजित म्हणाला. "बिल्कुल."

ती हसली आणि तिनं सही केली.

विमान वेळेवर गेलं. नवीन वर्ष लागल्यावर वकिलातीनं एक छोटासा समारंभ केला. वसंत विहारमध्ये भाड्यानं घेतलेल्या बंगल्यातच वकिलात होती, तिच्या मागच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. राजदूतांनी भाषण केलं. छोटे देश युद्ध थांबवू शकत नाहीत, पण माणुसकी थांबू नये एवढं ते पाहू शकतात, असं काहीसं ते म्हणाले. साहनींना काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. आग्नेसनं आग्रहानं विश्वजितच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. आबा ब्लेझर घालून आले होते आणि छातीवर त्यांनी सगळी मेडलं लावली होती. राजदूतांशी हात मिळवताना ते आपल्या तोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, द्रास. मायनस थर्टी. बुखारी, फ्रेंड." राजदूतांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला. आग्नेसनं आबांचा फोटो काढला.

विश्वजितच्या हातात केकची बशी होती. तो ती घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून कुंड्यांच्या कडेला ठेवून आला.

"बरं वाटत नाहीये का?" सुनयनानं विचारलं.

"ऊन लागलं असेल," तो म्हणाला. जानेवारी होता, दुपारही गारच होती. सुनयनानं त्याच्याकडे नीट पाहिलं, पण तिथं माणसं होती म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

फेब्रुवारीत बातमी आली. ती वर्तमानपत्रांतून आली नाही, आग्नेसच्या फोनवरून आली. एका शहरात शाळेच्या तळघरात लोक आसऱ्याला होते. तिथल्या दोन शेगड्यांचे मागचे जोड उघडले आणि सगळे झोपेत असताना धूर साचला. काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. एक म्हातारी बाई गेली. दुसऱ्या एका गावातही असंच झालं, तिथं मात्र वेळेवर खिडक्या फोडल्या. आता लोकांनी आमच्या सगळ्याच शेगड्या उचलून बाहेर बर्फात टाकल्या आहेत, ती म्हणाली. कुठली चांगली, कुठली वाईट, हे कुणालाच माहीत नाही.

"आम्ही परवा कारखान्यात येतोय," ती म्हणाली. "राजदूतही येतील."

ते दोन दिवस विश्वजितनं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. आता दंड होणार, केस होणार, कदाचित पोलीस. आणि आत कुठंतरी त्याला हेही वाटत होतं, की होऊ दे एकदा. कुणीतरी विचारेल आणि मग सांगावंच लागेल.

पण विचारलं कुणीच नाही. साहनी वकील घेऊन बसले होते, त्याची गरज पडली नाही. राजदूत खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, परक्याच्या घरी काही मागायला आल्यासारखे. ते म्हणाले, "आमचं सरकार कोणतीही तक्रार नोंदवणार नाही. तुमच्या देशाबरोबर आमचा व्यापार करार शेवटच्या टप्प्यात आहे. आम्ही लहान आहोत. मोठ्या देशातल्या कुणाशी वाद काढण्याआधी आम्हाला दहा वेळा विचार करावा लागतो." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "शिवाय आमच्या संसदेतही प्रश्न येतील. शेगड्या इथून का घेतल्या, कुणी तपासल्या. त्यामुळे चौकशीअंती असं ठरलंय, की लोकांनी ओली लाकडं वापरली आणि खोली पूर्ण बंद ठेवली. शेगड्यांमध्ये दोष नव्हता. तुमच्याकडून एवढीच अपेक्षा, की कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगावं."

साहनींनी मान हलवली. "बिल्कुल. मिसयूज़ तो हो ही जाता है." आणि त्यांनी चहा मागवला.

आग्नेस टेबलाकडे पाहत होती. येताना, जाताना, चहा पुढे आला तेव्हा, तिनं एकदाही मान वर केली नाही. तिथं बोलायला हवं होतं, हे विश्वजितला कळत होतं. पण ज्यांचं नुकसान झालं तेच प्रकरण मिटवायला आले होते, आणि त्यांच्यासमोर उठून ते उकरून काढायचं धाडस त्याला झालं नाही. गाडीपर्यंत सोडायला गेला तेव्हा राजदूतांनी त्याचे आभार मानले.

बातमीचा एक तुकडा मात्र इकडे पोचलाच. शेगड्यांवर त्या छोट्या देशाच्या झेंड्याचे स्टिकर होते, आणि धूर झाल्याचा व्हिडिओ कुणीतरी कुणाला पाठवत पाठवत तो, ओल्या लाकडांच्या त्या खुलाशासकट, आबांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर आला. रविवारी सकाळी विश्वजित दूध आणायला खाली उतरला, तेव्हा बागेतल्या बाकावर आबा आणि त्यांचे तिघं-चौघं मित्र बसले होते. आबा तावातावानं सांगत होते, "अरे शेगडीत काय दोष असणार? माझ्या पोरानं केलीय. मी ओळखतो ना त्याला. त्यांनाच वापरता आली नाही. ओली लाकडं कोंबली, दारं-खिडक्या लावून घेतल्या, मग काय होणार? अनाडी लोक. म्हातारी बाई होती म्हणतात एक, तिला कुणी सांगायचं तरी, की बाई, धुराडं उघडं ठेव."

विश्वजित तिथंच थांबला. मग पिशवी घेऊन पुढे गेला आणि म्हणाला, "आबा, घरी चला."

"का रे? काय झालं?"

"चला ना."

लिफ्टमध्ये आबा पुन्हा तेच बोलू लागले. "तू मनाला लावून घेऊ नकोस विश्वा, मी सगळ्यांना सांगितलंय—"

"आबा, असं म्हणू नका. त्या बाईची चूक नव्हती. पत्रा पातळ होता. शेवटच्या लॉटला मी पातळ पत्रा लावू दिला."

लिफ्ट त्यांच्या सहाव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि पुन्हा मिटलं. कुणीच बाहेर पडलं नाही. आबांनी परत बटण दाबलं.

घरात आल्यावर ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. सुनयना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वैभवी क्लासला गेली होती. विश्वजितनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पत्रा कसा संपला, साहनी काय म्हणाले, आग्नेसनं काय विचारलं आणि तो काय म्हणाला.

आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

"मला त्या बंगल्यात नेलंस, तेव्हाही?"

"हो, आबा."

आबांनी समोरच्या टॉवरकडे नजर वळवली. मग म्हणाले, "मग मला मेडलं लावू नका एवढं तरी सांगायचं होतंस."

एवढंच बोलून ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. विश्वजितला वाटलं होतं ते ओरडतील. लहानपणी ते ओरडायचे तेव्हा तो पलंगाखाली लपायचा. आता पलंगाखाली जायची सोय नव्हती. तो सोफ्यावर बसला, आणि सुनयना त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तू त्या दिवशी केक ठेवून आलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"माझ्याजवळ सांगून काही होणार नाही, विश्वजित. आबांजवळ सांगूनही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं आग्नेसला फोन केला. वकिलातीत नको, ती म्हणाली, आणि कारखान्यात तर नकोच. मग त्यानं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं नाव सांगितलं. तिथल्या उपाहारगृहात बाहेरची माणसंही येत-जात असतात, कुणी कुणाकडे पाहत नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी चार मुलं एका टेबलावर मोठमोठ्यानं वाद घालत होती. विश्वजितनं तिच्यासाठी थालीपीठ मागवलं. तिनं त्याला हात लावला नाही.

त्यानं सगळं सांगितलं. या वेळी जास्त सोपं जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तो व्हर्निअर टेबलावर होता. मी मोजायला हवं होतं. मला वाटलं, मोजलं तर तुमचा अपमान होईल."

विश्वजितला वर पाहवेना.

"तुम्ही का आलात, मिस्टर शेडगे? मी तुम्हाला बोल लावावेत म्हणून? मला ते जमणार नाही." तिनं थालीपिठाची ताटली बाजूला सरकवली. "ओल्या लाकडांची गोष्ट कुणी लिहिली माहीत आहे? मी लिहिली. राजदूतांनी सांगितलं आणि मी बसून लिहिली. ज्या बायकांनी केक विकले त्यांना आता वाटतंय, की आपण चांगली वस्तू पाठवली, पण तिकडच्या लोकांनाच अक्कल नव्हती. माझ्या आईनं मला फोन केला होता. ती असंच म्हणाली."

शेजारच्या टेबलावरची मुलं कशावरून तरी हसली. वेटर पाणी ठेवून गेला.

"आता तिथं काय चाललंय?" विश्वजितनं विचारलं.

"थंडी अजून महिनाभर आहे. वीज दिवसाला दोन-तीन तास असते. शेगड्या बर्फात पडून आहेत. त्या परत मागवाव्यात तर दोष होता असं कबूल करावं लागतं. वापरा म्हणावं तर कुठल्या तोंडानं?"

"सगळ्या वाईट नाहीत," तो म्हणाला. "पहिल्या तीन लॉटच्या उत्तम आहेत. त्या मी स्वतः मोजल्यात. वाईट आहेत त्या फक्त चौथ्या लॉटच्या. मागच्या बाजूला, खाली उजव्या कोपऱ्यात अक्षर आहे. डी असेल ती पेटवू नका. ए, बी, सी असेल तर बिनधास्त वापरा."

आग्नेस त्याच्याकडे पाहतच राहिली. "हे तुम्ही त्या दिवशी, राजदूतांसमोर का नाही सांगितलंत?"

"घाबरलो होतो," तो म्हणाला. खरं तर तेवढंही पुरतं खरं नव्हतं. त्या दिवशी त्याला अक्षराची आठवणच झाली नव्हती. त्या सबंध तासात तो फक्त स्वतःचं काय होणार, याचाच विचार करत होता.

तिच्या ओळखीची एक स्वयंसेवी संस्था तिकडे शेगड्या वाटत होती. पण वकिलातीच्या नावानं काही आलं तर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, ती म्हणाली. आणि तिला स्वतःला तसं पाठवायची परवानगीही नव्हती. "ज्यानं बनवल्या त्यानंच सांगितलं तर ऐकतील. चेहरा दाखवून, नाव सांगून. तुमची नोकरी जाईल."

"हो, जाईल."

ते बाहेर लॉनच्या कडेला आले. तिनं आपल्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. त्यानं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग म्हणाला, "शेवटच्या लॉटमध्ये आमच्याकडून एक चूक झाली."

आग्नेसनं मोबाइल खाली केला. "चूक झाली?" ती म्हणाली. "आपोआप?"

बाजूनं सदनातले दोन कर्मचारी बोलत गेले. ते लांब जाईपर्यंत विश्वजित थांबला. मग म्हणाला, "परत घ्या."

या वेळी तो म्हणाला, "शेवटच्या लॉटचा पत्रा पातळ आहे हे मला माहीत होतं. मी तो लावू दिला. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुमची लाकडं ओली होती म्हणून हे झालेलं नाही. तुमची काही चूक नव्हती." मग त्यानं अक्षर कुठं आहे ते हातानं दाखवून सांगितलं. माफ करा, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द त्याला तिथं फार स्वस्त वाटले आणि तो न म्हणताच थांबला.

व्हिडिओ त्या संस्थेनं खाली तिकडची भाषा घालून पसरवला. आठवड्याभरात आग्नेसचा निरोप आला, की लोक बर्फ उकरून शेगड्यांचे कोपरे तपासतायत, चांगल्या आत घेतल्या जातायत. तोवर राजदूतांचा साहनींना फोनही आला होता. साहनी चिडले नाहीत. केबिनमध्ये बसवून म्हणाले, "तुमने अपना मन हल्का कर लिया, शेडगे. यहाँ दो सौ घर चलते हैं, वो भी सोच लेते." विश्वजितनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. वेल्डिंगच्या शॉपवरून जाताना कारागिरांनी त्याच्याकडे पाहिलं. काहींनी मान हलवली, काहींनी तोंड फिरवलं. पातळ पत्र्याचे जोड त्यांनीच मारले होते, आणि त्या जोडांचं तिकडे काय झालं ते आता त्यांनाही माहीत झालं होतं.

आग्नेसला तिच्या देशानं परत बोलावून घेतलं. जाताना तिनं फोन केला, पण दोघांनाही फारसं बोलता आलं नाही. आपल्या आईला तिनं खरं सांगितलं होतं, एवढं तिनं कळवलं. तिच्या सरकारनं मात्र आपलं म्हणणं बदललं नाही. त्यांच्या कागदोपत्री लाकडं ओलीच राहिली. उन्हाळ्यात व्यापार करारावर सह्या झाल्याची बातमी विश्वजितनं वाचली. फोटोत सगळे हसत होते.

ज्या शाळेच्या तळघरात धूर साचला होता, तिथल्या शिक्षिकेचा निरोपही एकदा संस्थेमार्फत आला. आमच्याकडे आता सी अक्षराची शेगडी आहे, चांगली चालते, इंजिनिअरना धन्यवाद सांगा, असं तिनं लिहिलं होतं. गेलेली बाई तिची सासू होती, हे त्याच निरोपात शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलं होतं. सुनयना म्हणाली, उत्तर पाठव. विश्वजितनं दोन-तीनदा सुरुवात केली. अजूनही त्यानं ते पाठवलेलं नाही.

आबा त्याच्याशी बोलत होते, पण कामापुरतं. औषध आणलंस का, वीजबिल भरलंस का. सकाळी बागेत जाणं त्यांनी मध्ये सोडून दिलं होतं. होळीनंतर पुन्हा जाऊ लागले. एके दिवशी त्यांना यायला उशीर झाला म्हणून विश्वजित त्यांना पाहायला खाली गेला. ते बाकावर बसले होते, आणि एक रिटायर्ड सुभेदार त्यांना हिंदीत विचारत होता, "शेडगे साहब, बेटा आजकल घर पे ही दिखता है. छुट्टी पे है क्या?"

"नौकरी गई," आबा म्हणाले.

"अरे. कैसे?"

आबांनी विश्वजितला येताना पाहिलं होतं. आवाज खाली न आणता ते म्हणाले, "वो जो बुखारी में धुआँ हुआ था, याद है? मैंने कहा था उन लोगों की गलती है. उनकी नहीं थी. इसकी थी. इसको पता था."

सुभेदारानं चपलेतला खडा काढण्याचं निमित्त केलं. परत फिरावं, लिफ्ट गाठावी, असं विश्वजितला फार वाटलं. तो तिथंच उभा राहिला.

"सच है क्या, बेटा?" सुभेदारानं शेवटी विचारलं. त्याच्या आवाजात दोष नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

"जी," विश्वजित म्हणाला. "सच है."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल," ते मराठीत म्हणाले, "चहा थंड होत असेल." आणि त्याच्याकडे न पाहता पुढे चालू लागले.

विश्वजित त्यांच्या मागोमाग निघाला. पाठीवर त्या माणसांच्या नजरा त्याला जाणवत होत्या. आबा म्हातारपणामुळे सावकाश चालत होते, त्यांना ओलांडून पुढे जाणं सोपं होतं. पण तो मागेच राहिला.